नागपूरहून पहिल्यांदा ट्रॅक डेला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी उरकली, थंडी पडायला लागली की फोन सुरू होतात. "भाऊ, यंदा चेन्नईला जाऊन राहिलो, गाडीला काय काय करू?" टपरीवर चहा पिता पिता तेच तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाचं लिहून काढतोय. मी रेसर वगैरे काही नाही. सेकंडहँड घेतलेली केटीएम आरसी ३९० मोटरसायकल आहे, दहा ते सहाची नोकरी आहे, आणि वर्षातून एकदा, रजा जुळली तर दोनदा, ती ट्रॅकवर, म्हणजे शर्यतींसाठी बांधलेल्या बंद रस्त्यावर, चालवायला जातो. झिरो माइलचा दगड आपल्याकडे आहे याचं आपल्याला मोठं कौतुक, पण देशाच्या मधोमध असल्यानं चेन्नईही लांब आणि दिल्लीही लांब. चेन्नईच्या पोराचे ग्लोव्हज घरी राहिले तर त्याचा भाऊ तासाभरात आणून देतो. तुमचे राहिले तर ते धरमपेठेत आणि तुम्ही श्रीपेरुंबुदूरला, चेन्नईच्या ट्रॅकवर. खालची निम्मी उत्तरं या अंतरामुळेच लांबली आहेत.

ट्रॅक डे म्हणजे रेसच ना?

नाही. रेसमध्ये ग्रिड, म्हणजे सुटायच्या ठरलेल्या रांगा, असते, नंबर लागतो आणि एफएमएससीआय या राष्ट्रीय महासंघाचा स्पर्धा परवाना लागतो. ट्रॅक डेला सहसा साधं लायसन्स पुरतं. पैसे भरायचे, सकाळी ब्रीफिंगला बसायचं, अनुभवाप्रमाणे गट पडतात त्यात जायचं आणि पंधरा-वीस मिनिटांची चार-पाच सेशन चालवायची. नवख्यांच्या गटात वळणावर ओव्हरटेक करायला बहुतेक ठिकाणी बंदी असते. कोण कोणाच्या पुढे गेलं हे कुणी लिहून ठेवत नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्यानं शक्य असेल तर नुसत्या ट्रॅक डेला न जाता शिकवणीच्या दिवशी जावं. कीथ कोड यांनी अमेरिकेत सुरू केलेली कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल चेन्नईच्या ट्रॅकवर भरत आली आहे. ती महाग पडते. यामाहासारख्या कंपन्याही आपल्या ग्राहकांसाठी ट्रॅकचे दिवस ठेवतात, त्यावर डोळा ठेवा. स्वतःच्या बुद्धीनं तीन वर्षं चुकीची सवय घोटण्यापेक्षा एक दिवस कुणीतरी मागून बघून "तू आत फार लवकर घुसतोस" असं सांगणं परवडतं. मी आधी ती तीन वर्षं घालवली.

नागपूरला सगळ्यात जवळचा ट्रॅक कोणता?

'जवळचा' हा शब्द जरा बाजूला ठेवा.

चेन्नईचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला आहे. १९९० साली सुरू झाला, लांबी ३.७१७ किमी, १२ वळणं. जुनी मंडळी अजून त्याला एमएमआरटीच (मद्रास मोटर रेस ट्रॅक) म्हणतात. नागपूरहून रस्त्यानं साधारण अकराशे किमी. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट २०११ चा, फॉर्म्युला वनच्या वेळची लांबी ५.१२५ किमी, १६ वळणं. सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपी ही मोटरसायकलींची जागतिक शर्यत तिथेच झाली आणि मार्को बेझेक्की जिंकला. अंतर चेन्नईइतकंच. कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे २.१ किमीचा, छोटा आणि शिकायला छान, पण चौदाशे किमीच्या पुढे.

आपल्या मंडळींना मी चेन्नईच सुचवतो. बुद्धवरचा मागचा सरळ पट्टा एक किलोमीटरहून लांब आहे. तिथे दीडशे-दोनशे सीसीची गाडी पूर्ण थ्रॉटलवर धरून नुसतं बसून राहावं लागतं, आणि मोठ्या गाड्या कानाजवळून जातात तेव्हा मजा कमी आणि धडकी जास्त भरते.

इंदूरजवळच्या पीथमपूरचं नॅट्रॅक्स बरेच जण विचारतात, कारण ते त्यातल्या त्यात जवळ आहे. तो ११.३ किमीचा अंडाकृती ट्रॅक वाहनांच्या चाचण्यांसाठी बांधलेला आहे. आपल्या कामाचा नाही.

तोवर वर्धा रोडवर किंवा समृद्धीवर सराव केला तर?

समृद्धीवर दुचाकीला प्रवेशच नाही. बाकी कुठल्याही सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी केली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी वर्धा रोडवर ट्रॅकचं काहीच शिकायला मिळत नाही. तिथे वळण नाही, रस्त्याबाहेर मोकळी जागा नाही, आणि समोरून उलट्या दिशेनं येणारा लुनावाला आहे.

त्यापेक्षा ओळखीच्या एखाद्या मोकळ्या पटांगणात, परवानगी काढून, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंग्रजी आठचा आकडा गिरवा. मान पूर्ण वळवून पुढच्या खुणेकडे बघायचं आणि गाडी आपोआप तिकडे जाते हे अनुभवायचं. ताशी ३० च्या वेगात जमलं नाही ते १३० ला जमणार नाही.

माझी गाडी चालेल का?

डिस्क ब्रेकची, तब्येतीनं ठणठणीत अशी १५० सीसीची गाडीही चालेल. यामाहाची आर१५ हे शिकायला मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं वाहन आहे: ताकद कमी असल्यामुळे वळणात वेग टिकवायला शिकावंच लागतं. आरसी ३९०, अपाचे आरआर ३१०, पल्सर आरएस २०० या सगळ्या धावतात. बुलेट आणू का, असं विचारणाऱ्यांना मी आयोजकांचा नंबर देतो आणि गप्प बसतो. वळणात फुटपेग (पाय ठेवायचे दांडे) जमिनीला घासण्याचा आवाज त्यांनी स्वतःच ऐकावा. नवी कोरी गाडी मात्र पहिली सर्व्हिसिंग होऊन रनिंग-इन, म्हणजे इंजिन जपून चालवायचा सुरुवातीचा काळ, संपेपर्यंत नेऊ नका.

गाडी तिथवर न्यायची कशी?

तीन मार्ग. चालवत नेणं, टेम्पो किंवा कॅरियर, आणि रेल्वे पार्सल.

चालवत नेण्यात रोमान्स आहे. एनएच ४४ वरून दोन दिवस मजेत जातात, पण तिसऱ्या दिवशी ट्रॅकवर उतरता तेव्हा कंबर गेलेली असते आणि मागचा टायर मधोमध चपटा झालेला असतो. परतीचे अकराशे किमी तर कुणी मोजतच नाही, आणि ट्रॅकवर पडलात तर परत येणार कशानं? चार-पाच जण मिळून टेम्पो केला तर तो सगळ्यात बरा. एकटेच असाल तर रेल्वे. जीटी आणि तामिळनाडू एक्सप्रेस दोन्ही आपल्याकडून चेन्नईला जातात. गाडीच्या नोंदणीची (आरसी) प्रत, विम्याची प्रत, ओळखपत्र घेऊन स्टेशनच्या पार्सल ऑफिसात जायचं. गाडी गोणपाट आणि पेंढ्यानं बांधून घ्यायची, हँडलची टोकं आणि टाकी दुप्पट गुंडाळायची, आणि नाव-पत्ता-कुठून-कुठे हे पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून दोन ठिकाणी लावायचं. निदान चार-पाच दिवस आधी पाठवा.

टाकी पूर्ण रिकामी लागते. पहिल्या वर्षी मी "रिझर्व्हला तर आलीये" म्हणून तशीच नेली. मग स्टेशनबाहेर, रात्री नऊ वाजता, एका हमालानं दिलेली नळी तोंडात धरून पेट्रोल ओढलं. दोन दिवस ढेकरांना पेट्रोलचा वास होता. घरूनच रिकामी करून न्या आणि गाडी ढकलत पोचवा.

चेन्नईहून ट्रॅक बंगळुरू रस्त्यावर चाळीसेक किमी आहे. तेवढं अंतर रस्त्यावरून जायचं, त्यामुळे नंबर प्लेट आणि आरसे ट्रॅकवर पोचल्यावरच काढायचे.

गाडीवर नेमकं काय काम करायचं?

सगळ्यात आधी ब्रेक ऑइल. टायर नाही, एग्झॉस्ट तर नाहीच नाही.

माझा दुसरा ट्रॅक डे, तिसरं सेशन. अंगात जरा रग आली होती. मुख्य सरळ पट्टा संपत आला, सी-वनच्या, म्हणजे पहिल्या वळणाच्या, अलीकडची खूण आली, ब्रेक लिव्हर ओढला आणि तो नेहमीच्या जागी न थांबता ओल्या स्पंजासारखा थेट ग्रिपला येऊन टेकला. दोनदा पंप केला तेव्हा थोडा जोर आला. तोवर वळण माझ्या डाव्या-उजव्या कुठल्याच हिशेबात राहिलं नव्हतं. हँडल सरळ धरलं, पुढच्या ब्रेकवरून बोटं काढली आणि ट्रॅकबाहेरच्या मातीत गाडी लांबवर पळवत नेली. पडलो नाही. पण मार्शल (ट्रॅकच्या कडेला उभा असणारा मदतनीस) पोचला तेव्हा दोन्ही पाय जमिनीवर टेकूनही ते कापत होते.

कारण साधं होतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. ताज्या डॉट ४ चा उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओल मुरलेल्याचा १५५ पर्यंत उतरू शकतो. माझ्या गाडीतल्या ऑइलनं तीन पावसाळे बघितले होते. शहरात, सिग्नल ते सिग्नल, त्याला कधी घाम फुटला नाही. ट्रॅकवर दर वळणाला जोरात ब्रेक लागतो, डिस्क पकडणारा कॅलिपर तापतो, ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला जातो, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून लिव्हर पोकळ लागतो. सीलबंद डबीतलं ताजं डॉट ४ किंवा डॉट ५.१ भरा आणि लाइनमधली हवा नीट काढून घ्या. नुसतं डॉट ५ लिहिलेलं सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. ब्रेक पॅड निम्म्याहून जास्त उरलेले हवेत. एक जोडी बॅगेत.

टायर: बाजूवर चार आकडी शिक्का असतो. २३२४ म्हणजे २०२४ सालातला तेविसावा आठवडा. पाच वर्षांहून जुना टायर, नक्षी कितीही शाबूत असली, तरी मी नेत नाही. रबर कडक झालेलं असतं. आपल्या सिमेंट रोडवर सरळ धावून टायर मधोमध सपाट होतो, आणि गाडी कलवताना त्या सपाटीच्या कडेवरून ती एकदम आत पडल्यासारखी वाटते. तळहात फिरवून बघा, कडा हाताला लागते.

लिक्विड कूलिंगची गाडी असेल तर कूलंट काढून डिस्टिल्ड पाणी भरा. कूलंटमधलं ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं तर ते सुकत नाही, आणि मागून येणाऱ्याचा पुढचा टायर त्यावर गेला की तो गेलाच. बरेच आयोजक याबाबत अडूनच बसतात.

ऑइलचा ड्रेन बोल्ट आणि फिल्टरचे बोल्ट नीट टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या जोरानं, आवळलेले हवेत. बोल्ट फिरून सुटू नये म्हणून त्याला छिद्र पाडून तार बांधतात, त्याला लॉक वायर म्हणतात. आयोजकांच्या यादीत असेल तर करून घ्या. चेनचा ढिलेपणा मॅन्युअलमधल्या आकड्याएवढा, मॅन्युअलमध्ये सांगितलंय तसाच तपासलेला. ताणून तंग केलेली चेन सस्पेन्शन दबलं की स्प्रॉकेट आणि बेअरिंग खाते.

आणि काढायच्या वस्तू: आरसे, साडी गार्ड, क्रॅश गार्ड, टॉप बॉक्सचा सांगाडा, मोबाइल होल्डर. दिवे आणि इंडिकेटरवर टेप, म्हणजे फुटले तरी काचा ट्रॅकभर होत नाहीत. साइड स्टँड काढा नाहीतर वायरनं घट्ट बांधा. सक्करदऱ्यातल्या माझ्या मिस्त्रीला क्रॅश गार्ड काढायला सांगितला तेव्हा तो पान्हा खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिला. "पडाले चालले अन् पडायचंच सामान काढून राहिले? काहून भाऊ?" प्रश्न बरोबर होता. रस्त्यावर क्रॅश गार्ड पाय वाचवतो. ट्रॅकवर गाडी कलली की तो आधी जमिनीला टेकतो आणि चाक उचलून देतो. पडल्यावरही तो मातीत रुततो आणि नुसती घसरत जाणारी गाडी कोलांट्या खायला लागते. हे ऐकून त्यानं तो काढला, पण चहाचे पैसे माझ्याकडूनच घेतले.

टायरमध्ये हवा किती ठेवायची?

एकच आकडा सांगता येत नाही, टायरच्या कंपनीप्रमाणे बदलतो. रस्त्याच्या टायरला मी गार असताना मॅन्युअलपेक्षा दोन-तीन पीएसआय कमी ठेवतो आणि सेशनमधून आत आल्याबरोबर, गरम असतानाच, पुन्हा मोजतो. टायर तापला की आतली हवा फुगते, म्हणून हे गणित. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढलं की दाब जवळपास एक पीएसआय वाढतो. नागपुरात डिसेंबरच्या सकाळी बाराएक अंशांत भरलेली हवा चेन्नईच्या दुपारी तिशीत गेली की ट्रॅकवर जायच्या आधीच तीन पीएसआय जास्त दाखवते. त्यामुळे इथे भरलेल्या आकड्यावर तिथे विसंबू नका. गेज स्वतःचा न्या, आणि दिवसभर तोच वापरा. पंपावरच्या दोन गेजचं एकमत मी आजवर पाहिलेलं नाही.

अंगात काय घालायचं? रायडिंग जॅकेट आणि जीन्स चालेल?

जीन्स नाही. लेदरचा एकसंध सूट, किंवा कमरेभोवती पूर्ण चेननं जोडला जाणारा दोन भागांचा. फुल-फेस हेल्मेट, दुहेरी डी-रिंगच्या पट्ट्याचं असेल तर उत्तम. मनगटावरून वर येणारे ग्लोव्हज, घोट्यावर जाणारे बूट, आणि पाठीला बॅक प्रोटेक्टर. एकदा आपटलेलं हेल्मेट बाहेरून छान दिसलं तरी बाद समजा. आतला थर्मोकोल एकदाच दबतो.

पहिल्या वेळी सूट विकत घेऊ नका. बऱ्याच ठिकाणी भाड्यानं मिळतो, पण आधी माप कळवून ठेवावं लागतं. सूट उभं राहिल्यावर तंग आणि गाडीवर वाकल्यावर बरोबर बसायला हवा. उभ्यानं आरामशीर वाटतो तो गाडीवर ढगळ होतो आणि घसरताना गुडघ्यावरचं पॅड फिरून मांडीवर जातं.

ट्रॅकवर झेंड्यांचा अर्थ काय?

पिवळा: पुढे कुणी पडलंय, वेग कमी, ओव्हरटेक बंद. पिवळ्यावर लाल पट्टे: रस्ता निसरडा. लाल: सेशन थांबलं, हळू चालवत पिटमध्ये, म्हणजे गाड्या थांबायच्या जागी, या. निळा: मागून वेगवान गाडी येतेय, आपली लाइन, म्हणजे धरलेली वाट, सोडू नका, मागचा वाट काढेल. काळा: तुम्हालाच बोलावलंय. काळ्यावर केशरी गोल: तुमच्या गाडीतून काहीतरी गळतंय, लगेच ट्रॅकबाहेर व्हा. चौकटीचा: सेशन संपलं.

निळ्याच्या बाबतीत नागपूरकर एक चूक हमखास करतात. सीताबर्डीत मागून हॉर्न वाजला की आपण सवयीनं बाजूला सरकतो. ट्रॅकवर तसं सरकायचं नाही. मागच्यानं तुमची लाइन बघून आपली ठरवलेली असते, तुम्ही हललात की त्याच्याच वाटेत जाता.

पडलो तर?

गाडी सोडा. धरून राहिलात तर तीच तुम्हाला उलटीपालटी करते. घसरणं पूर्ण थांबेपर्यंत उठायचा प्रयत्न करू नका. थांबलोय असं वाटतं तेव्हाही बहुतेकदा माणूस घसरतच असतो. मग मागे बघा, ट्रॅकपासून लांब जा, मार्शल सांगेल तसं करा. ट्रॅक ओलांडून गाडीकडे धावणं हा सगळ्यात मोठा गाढवपणा.

विमा मिळतो का?

गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत आयोजित शर्यती, वेगाची चाचणी वगैरे स्पष्ट वगळलेलं असतं. ट्रॅकवर मोडलेलं प्लास्टिक तुमच्याच खिशातून, असं धरून चला. आरोग्य विम्यात धोकादायक खेळांचं एक कलम असतं, त्यात मोटर रेसिंगचं नाव येतं, बहुधा व्यावसायिक सहभागापुरतं. तुमच्या पॉलिसीतलं ते पान स्वतः वाचा आणि कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. एजंटनं "हो जी, सब कव्हर है" म्हटलेलं कागदावर येत नाही.

आम्ही ४५-४६ अंशांत वाढलो, चेन्नईच्या उन्हाचं काय कौतुक?

मीही हेच म्हणायचो. आपलं ऊन कोरडं, घाम आला की वाळतो आणि अंग गार होतं. चेन्नईच्या दमटपणात घाम वाळतच नाही, वरून लेदर. पहिल्या वर्षी चौथ्या सेशनला माझ्या बोटांना क्लच जाणवेनासा झाला होता. तहान लागायच्या आधी पाणी, दर सेशननंतर ओआरएस, सूटचा वरचा भाग उतरवून सावलीत बसणं. डोकं जड वाटलं तर ते सेशन सोडा. पैसे गेले तर गेले. आदल्या रात्री हलकं खा. निघताना डब्यात सावजीचा रस्सा नेणारे महाभाग मी पाहिले आहेत, आणि सकाळी ब्रीफिंग चालू असताना ते कुठे होते हेही माहीत आहे.

महिना कधीचा निवडावा? जानेवारी ते मार्च. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे परतीचा मोसमी पाऊस असतो.

शरीराची तयारी लागते का?

लागते. गाडी हातानं नव्हे, मांड्यांनी टाकीला आवळून धरायची असते. मांड्या थकल्या की भार मनगटांवर येतो आणि मग थ्रॉटल झटके देतो. सहा आठवडे आधीपासून उठाबशा, प्लँक आणि फुटाळ्याला भरभर चालणं, एवढं केलं तरी फरक पडतो.

वळणात गुडघा जमिनीला कसा टेकवायचा?

पहिल्या दिवशी टेकवायचा नाही. फोटोग्राफर पुढच्या वर्षीही येतो.

पेट्रोल आणि एकंदर खर्च?

अडीच मिनिटांची एक फेरी धरली तर वीस मिनिटांत आठ फेऱ्या, म्हणजे चेन्नईला जवळपास तीस किमी. पाच सेशनचे दीडशे. मायलेज निम्म्यावर येतं असं धरून हिशेब करा आणि ट्रॅकवर शिरण्याआधी हायवेवरच टाकी भरा. प्रवेश फी हा खर्चातला छोटा भाग आहे. नागपूरकरांचा खरा पैसा जाण्या-येण्यात आणि टायरमध्ये जातो. क्लच आणि ब्रेकचा एकेक लिव्हर, गिअर पेडल आणि फुटपेग बॅगेत टाका. साधं पडलं तरी यातलंच काहीतरी मोडतं, आणि एका लिव्हरपायी दुपारभर प्रेक्षक होऊन बसलेला माणूस बघवत नाही.

घरी काय सांगू?

खरं सांगा. फॉर्मवर संपर्कासाठी घरच्यांचा नंबर आणि रक्तगट लिहावा लागतो, आणि फोन आलाच तर आईला तुम्ही चेन्नईला 'ऑफिसच्या ट्रेनिंगला' गेलात हे त्या क्षणी आठवू नये. माझ्या आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तिकडे समोरून ट्रक येत नाही ना?" येत नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग तिथेच चालवत जा, इथे नको."

परत आल्यावर गाडीचं काय?

पाणी काढून कूलंट परत भरा, नुसत्या पाण्यानं आतून गंज चढतो. हवा रस्त्याच्या आकड्यावर आणा, इंजिन ऑइल बदला, पॅड बघा. टेप लगेच काढा, उन्हात राहिली तर तिचा चिकटा दिव्यांवर बसतो. आणि ट्रॅकवरून स्टेशनला येताना परत लावलेली नंबर प्लेट व आरसे, गाडी बांधायला देताना पुन्हा काढून, त्यांच्या बोल्टसकट, एका पिशवीत घालून ती तुमच्याजवळच्या बॅगेत ठेवा, पार्सलमध्ये नको. नागपूर स्टेशनच्या पार्सल गेटवर गाडी सोडवली की पहिल्यांदा तीच पिशवी लागते. पान्हा १० आणि १४ चा.